सबबीचा रकाना

कापूस फुटला की माझ्या उजव्या हाताच्या बोटांना नखांच्या कडेशी अजून चुणचुणतं. वेचायला जाऊन कित्येक वर्षं झाली. पण बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी होतात आणि कापूस ओढताना नेमकी नखाच्या मुळाशी लागतात. डोकं विसरलं तरी बोटं विसरत नाहीत. परवा सकाळी गच्चीवर वाळवण टाकायला गेले, तर रोहणा गावाच्या बाजूचं आपलं शेत पांढरं झालेलं दिसलं. मुक्ता, ओंकार, तुम्ही बहीणभाऊ आता इतक्या लांब आहात की तुमच्या खिडकीतून पांढरं दिसलं तर तो बर्फ असतो. इथे पांढरं दिसलं की वेचणारणींना निरोप पाठवायचा असतो.

हे मी तुम्हा दोघांना लिहिते आहे. यातलं अर्धं मुक्ताला माहीत आहे, कारण गेल्या हिवाळ्यात ती इथेच होती. उरलेलं अर्धं मी तिच्यापासून लपवलं. लपवलं हा शब्द मला लिहायला जड जातो, पण दुसरा शब्द शोधत बसले तर पुन्हा तेच होईल.

तुमचे बाबा शाळेत होते तेव्हाचे ते हंगाम. वेचणी सकाळी लवकर सुरू करता येत नसे, कारण दहिवराने कापूस ओला असायचा आणि ओला कापूस वजनकाट्यावर खोटं बोलतो. ऊन जरा वर आलं की बाया पातीत शिरत. एकेका बाईने वेचायचा शेताचा जो उभा पट्टा, त्याला आमच्याकडे पात म्हणतात. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी, डोक्यावर घट्ट बांधलेला पदर, आणि दोन्ही हात दोन वेगवेगळ्या बायांचे असावेत तसे आपापले चाललेले. दुपारी तुरीच्या सावलीला भाकरी सुटत. अंबाडीची भाजी, लाल ठेचा, कांदा. घरी आणलेला कापूस मागच्या खोलीत छतापर्यंत भरलेला असे आणि तुमचे बाबा त्यात उड्या मारून अंगभर खाज घेऊन बाहेर येत. त्या खोलीचा वास मला आत्ता सांगता येईल: सरकीचं तेल, उन्हाने तापलेली धूळ आणि थोडंसं दही.

दही सीतादहीचं. आमच्याकडे वेचणी थेट सुरू होत नाही. आधी शेतातल्या एका पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हळदकुंकू वाहायचं. तिच्या बुडाशी पाच खडे मांडायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि चारी दिशांना दह्याचे शिंतोडे द्यायचे. मग जिचा हात चांगला मानला जातो अशी बाई पहिलं बोंड वेचते. आपल्या शेतात तीन वर्षं ते पहिलं बोंड सायत्रा कुमरेने वेचलं.

सायत्रा गावाच्या टोकाला राहायची. नवरा जंगलातल्या कामावर, तिच्यामागे एक लहान मुलगी. आमच्याशी ती वऱ्हाडीत बोलायची, मुलीशी गोंडीत. उंच होती, आणि पातीत चालताना पाय आधी टेकवून, मग त्यावर भार टाकायची. मांजर भिंतीवर चालतं तसं. वेचलेला कापूस इतका स्वच्छ असायचा की त्यात पानाचा कचरा सापडायचा नाही.

आता माझ्याबद्दल. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकले, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन इथे आले. प्रयोगशाळेत मला निरीक्षणांचा तक्ता आखायला फार आवडायचं. शेतात मी पहिल्या वर्षी गेले तेव्हा मला सगळीकडे गोंधळ दिसला. बाया वाटेल त्या पातीत शिरायच्या, संध्याकाळी कोणाचं वजन कुठल्या भागातलं ते कोणालाच सांगता यायचं नाही. मी ते बंद केलं. शेताचे बारा पट्टे पाडले. प्रत्येकाच्या तोंडाशी खुंटी, खुंटीवर आकडा. प्रत्येक बाईला एक पात, आणि तीच पात पूर्ण हंगामभर, दर वर्षी. एक मोठी वही आखली, तिच्यात सहा रकाने: तारीख, कितवा वेचा (म्हणजे वेचणीची कितवी फेरी), पात, नाव, वजन, आणि शेवटचा, सबब. कोणाचं वजन कमी भरलं तर ती काय कारण सांगते ते तिथे लिहायचं. तुमचे आजोबा वही पाहून हसले आणि म्हणाले, "आता आपली पऱ्हाटीसुद्धा इंग्रजीत फुटेल." पण त्यांना ते आवडलं होतं. गावात कोणाकडे अशी वही नव्हती.

सायत्राची पात सातवी.

संध्याकाळी अंगणातल्या कडुनिंबाला तराजू टांगायचा, मी खुर्चीवर वही घेऊन बसायची आणि वजन मोठ्याने पुकारायची. सातव्या पातीचं वजन पुकारताना माझा आवाज बदलायला लागला ते मला त्या वेळी कळलं नाही, आता आठवताना ऐकू येतं. पहिल्या वेच्याला फार फरक नसायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वेच्याला इतर बायांच्या जेमतेम निम्मं. आठव्या पातीतली वच्छला, आपल्याच नात्यातली, गमतीची होती. ती म्हणायची, "काऊन व सायत्रे, तुह्या पातीतला कापूस का हवेत उडून राह्यला?"

"तुह्या तोंडच्या हवेनं उडत असन," सायत्रा म्हणायची. बाया हसायच्या. मीही हसायची, पण लिहिणं थांबवायची नाही.

दुसऱ्या वर्षी मी तिला विचारलं की हे असं का. ती म्हणाली, "तिथची जमीन बसेल हाय, बाई. पाय टाकला का समजते. पराटी वरचंवरच पाणी पेते, मूळ खाली जातच नाई." मी ते शब्द नीट ऐकून घेतले आणि सहाव्या रकान्यात लिहिले. त्यापुढे लाल पेनाने फुली मारली. फुली म्हणजे न पटलेली सबब. माझ्यासमोर शेत होतं, सपाट, काळंभोर, एका दिवशी दोरी धरून, एकेक बी टोचून पेरलेलं. एकच सरकी, एकच खत. अमुक एका पट्ट्यातली जमीन वेगळी आहे हे मला कुठेच दिसत नव्हतं. मग फरक कशात होता? माझ्या तक्त्यात वेगळं होतं ते फक्त नाव.

तिसऱ्या वर्षी ती एक गोष्ट म्हणाली. ती पुढे लिहीन, आत्ता नाही.

त्याच वर्षी, तिसऱ्या वेच्याच्या एका संध्याकाळी, सातव्या पातीचं वजन इतकं कमी भरलं की बायांमध्ये कुजबुज झाली. ती मुलीशी गोंडीत बोलते ते आपल्याला कळू नये म्हणूनच, असं कोणीतरी म्हणालं होतं. ते माझ्या मनात कधी जाऊन बसलं होतं कोण जाणे. मी वही मिटली आणि म्हणाले, "सायत्रा, ओटी सोड."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ओटीची गाठ सोडली आणि दोन्ही टोकं धरून झटकली. आठ-दहा बोरं पडली. आणि ओटीच्या शिवणीला चिकटलेले थोडे कापसाचे धागे. तसे धागे प्रत्येकीच्या ओटीला असतात. आजही असतात. तेवढं मला पुरलं.

"थे बोरं पोरीसाठी होते," ती म्हणाली. "बांधावरचे हायेत. तुमच्या झाडाचे नाई."

मी म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

तिने बोरं वेचून घेतली, एकेक करून. मग गेली. त्यानंतर गावात तिला कोणी वेचणीला बोलावलं नाही. माझं कारण सगळ्यांना पुरलं होतं, कारण ते वहीतून आलेलं होतं. वर्षभरात तिचं कुटुंब तळेगावच्या बाजूला निघून गेलं. मी सातव्या पातीवर वच्छलाला घातलं आणि आठवीवर नवी बाई आणली. वही तशीच नीट चालू राहिली.

आता गेला हिवाळा. मुक्ता तीन आठवडे आली होती. सकाळी शाल पांघरून, ओसरीवर उन्हात, मांडीवर लॅपटॉप. ओंकार, तुझी बहीण नक्की काय करते हे तुला कळतं की नाही मला माहीत नाही, म्हणून मला जसं कळलं तसं सांगते. तिच्या प्रयोगशाळेत सेमीकंडक्टरची अगदी बारीक उपकरणं बनवतात. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. त्यात विजेच्या दाबाने एक खळगा तयार करायचा आणि त्यात एकच इलेक्ट्रॉन आणून बसवायचा. पुढे त्यातून नव्या तऱ्हेचे संगणक होणार आहेत म्हणे. अडचण एकच आहे. एका चकतीवर, एका दिवशी, एकाच कृतीने बनवलेली दोन उपकरणं सारखी वागत नाहीत. एकात इलेक्ट्रॉन बसतो, दुसऱ्यात भलतीकडेच जातो.

"मग बनवणाऱ्याचा हात चुकत असेल," मी म्हणाले.

"आजी, पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं," मुक्ता म्हणाली. "तुला आवडणार नाही, पण मी अव्यवस्थेचा अभ्यास करते."

उपकरणाच्या आतल्या थरांत कुठेकुठे विजेचे कण अडकून बसलेले असतात, वेडेवाकडे. ते कोणी ठेवलेले नसतात आणि ते दिसत नाहीत. उपकरण उघडून पाहावं तर ते मोडतं. मग ती काय करते? त्यातून वीज सोडते, दाब बदलत राहते आणि कुठल्या दाबाला किती वीज पार झाली ते टिपत जाते. दुसरीकडे संगणकाला हजारो कल्पनेतल्या अव्यवस्था दाखवलेल्या असतात, आणि प्रत्येकीतून वीज कशी जाईल तेही. यंत्र त्यातून शिकतं. मग खरे आकडे समोर ठेवले की ते सांगतं, आत असं असं काहीतरी असलं पाहिजे, नाहीतर वीज अशी गेली नसती. बाहेर जे आलं त्यावरून आत काय दडलंय ते ओळखायचं. पूर्वी, ती म्हणाली, नीट न वागणारं उपकरण सरळ बाजूला टाकून द्यायचे.

मी म्हणाले, "टाकून द्यायचे म्हणजे?"

"म्हणजे खराब म्हणायचे, आजी. आणि पुढचं घ्यायचे."

त्या वेळी मला काही वाटलं नाही हे मला नोंदवून ठेवलं पाहिजे. मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले.

वही मीच काढून दाखवली. मला मिरवायचं होतं. इतक्या वर्षांपूर्वी या खेड्यात तुझ्या आजीने काय शिस्तीने नोंदी ठेवल्या ते बघ. मुक्ता खूश झाली. म्हणाली, "आजी, हे तर अगदी माझ्यासारखंच आहे. पाऊस आत जातो, कापूस बाहेर येतो. मधली जमीन दिसत नाही. मी यावर माझी पद्धत चालवून बघू? गंमत म्हणून." माझं अक्षर तिला लागेना, म्हणून चार दुपारी मी वाचत गेले आणि ती टंकत गेली. तारीख, वेचा, पात, नाव, वजन. सहावा रकाना मी वाचला नाही. त्यात आकडे नव्हते, तिच्या यंत्राला त्यांचा उपयोग नव्हता. हे मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं.

दुसऱ्या दुपारी तिने विचारलं, "आजी, तू बायांच्या पाती कधी बदलत होतीस?"

"कधीच नाही," मी म्हणाले. "प्रत्येकीची ठरलेली." मला त्याचा अभिमान होता, तो आवाजात आलाच असेल.

तिने हात थांबवले. "मग वजन कमी आलं तर ते बाईमुळे की जागेमुळे, हे यातून कसं निघणार? दोन्ही कायम एकत्रच बांधलेले आहेत."

शेंग माझ्या हातात तशीच राहिली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच शिकवलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी शेतात काहीच बदललं नव्हतं, आणि त्यालाच शिस्त म्हणत होते.

पण वही बोलली, कारण सायत्रा गेल्यानंतरची वर्षंही तिच्यात होती. दोन दिवसांनी मुक्ताने मला पडद्यावर चित्र दाखवलं. आपल्या शेताचं, वरून पाहिल्यासारखं. सगळं फिकट आणि मधोमध एक गडद, लांबट गोल डाग, सातव्या पातीत सगळ्यात काळा, सहाव्या आणि आठव्या पातीत कडेने विरत गेलेला. "शेजारच्या दोन्ही पातींतही थोडी थोडी घट आहे," ती म्हणाली. "आणि उशिराच्या वेच्यांना जास्त. म्हणजे पाणी खाली टिकत नाही किंवा मुळं खाली जात नाहीत. खाली काहीतरी कडक असावं. गोलसर. नंतर सातवीत ज्या वच्छला होत्या, त्यांचंही वजन पडलंच की." ती बोलत होती आणि मी त्या डागाकडे पाहत होते. चोरी करणारी बाई शेजारणीच्या पातीतला कापूस कमी करू शकत नाही. इतकी साधी गोष्ट. ती माझ्या अक्षरात, माझ्या वहीत इतकी वर्षं होती.

"पण हा अंदाज आहे, आजी," मुक्ता म्हणाली. "यंत्र चुकू शकतं. माझ्या उपकरणात मला खणून बघता येत नाही. तुझ्या शेतात येतं."

शेत बटईने करणारा गजानन टिकास घेऊन आला. त्याला हा सगळा पोरखेळ वाटत होता. "मॅडम, काम्प्युटरनं शेतातलं सांगतलं तं आमी काय कराचं?" असं मुक्ताला चिडवत त्याने सातव्या पातीच्या मध्यावर खणायला सुरुवात केली. काळी माती, काळी माती, काळी माती. मग हातभर खोलीवर टिकास टणकन वाजला. त्याने पुन्हा मारला, पुन्हा तोच आवाज. माती बाजूला सारली तर खाली पिवळसर मुरूम, ठोकून ठोकून फरशी केलेला. गजानन मागे सरकत गेला, खणत गेला, आणि कड सापडली. गोल वळत जाणारी कड.

"खळं हाय हे," तो म्हणाला. "जुनं खळं."

माझ्या सासूबाई सांगायच्या ते तेव्हा आठवलं. त्या लग्न होऊन आल्या त्याआधी शेताचा हा भाग वेगळा होता, तिथे ज्वारीची मळणी व्हायची. सासऱ्यांनी पुढे दोन्ही तुकडे एक केले आणि तलावाचा गाळ गाड्यांनी आणून सगळीकडे पसरला, म्हणून शेत इतकं सपाट आणि इतकं काळं. मी ज्या सपाटपणावर विश्वास ठेवला तो वरून टाकलेला होता. खाली बैलांच्या कित्येक पिढ्यांनी गोल फिरून तुडवलेली जमीन होती.

मुक्ता आनंदाने उड्या मारत होती. तिने खड्ड्याचे फोटो काढले, मला मिठी मारली. म्हणाली, "आजी, यंत्र बरोबर निघालं." मी हसले असेन. मला आठवतं ते एवढंच की मी खड्ड्याच्या कडेला उभी होते, माझे पाय चपलेत होते आणि चपलेतून मला काही म्हणजे काही समजत नव्हतं. पाय टाकला का समजते, असं जिने सांगितलं होतं ती अनवाणी होती.

मुक्ता परत गेली. मग एका दुपारी मी एकटीने सहावा रकाना वाचला. सुरुवातीपासून, क्रमाने.

सायत्राच्या नावापुढे, तीन वर्षांत अनेकदा, माझ्या अक्षरात: जमीन बसलेली आहे म्हणते. मूळ खाली जात नाही म्हणते. इथे पाणी वरूनच वाहतं म्हणते. प्रत्येकापुढे लाल फुली. आणि मघाशी जे लिहायचं टाळलं ते, तिसऱ्या वर्षीचं: एक दिवस मला दुसऱ्या पातीत घाला आणि माझ्या पातीत दुसरीला घाला, मग बघा, म्हणते. फुली. त्यापुढे मी आणखी दोन शब्द लिहिले होते. शिस्त मोडेल.

मुक्ता, तू मला ओसरीवर जे विचारलंस, ते तुझ्याआधी कितीतरी वर्षं एका बाईने माझ्या अंगणात उभं राहून विचारलं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रयोग कसा करायचा ते तिने सांगितलं, मी तो लिहून घेतला आणि पुढे फुली मारली.

मी पुढे वाचत गेले. सातव्या पातीत नंतर आलेली वच्छला. वजन कमी, जवळजवळ सायत्राइतकंच. सहाव्या रकान्यात: नवी पात, सवय नाही. पुढच्या खेपेला: कंबर धरते आहे. एकाही ठिकाणी फुली नाही. मी खूप आठवून पाहिलं. वच्छलाने मला कधी कारण सांगितलंच नव्हतं. मी तिला विचारलं नव्हतं. तिच्या सबबी मीच लिहिल्या होत्या, तिच्या वतीने, आपल्या मनाने.

खळं सापडलं तेव्हा मला धक्का बसला होता. पण ते सासऱ्यांनी पुरलेलं होतं. हे जे आता हाताखाली टणकन वाजलं, ते कोणी पुरलेलं नव्हतं. त्या दुपारी मी चहा करायला उठले आणि गॅसपाशी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. पाणी आटून भांडं काळं झालं. तसं माझ्या स्वयंपाकघरात कधी होत नाही.

तिला शोधायला मला उन्हाळा आणि पावसाळा लागला. खरं सांगते, शोधायला आठ दिवस लागले. उरलेला वेळ जायला लागला. गेल्या पंधरवड्यात वही पिशवीत घालून मी गेले. तळेगावच्या अलीकडे एका वस्तीत ती मुलीकडे राहते. अंगणात खाटेवर बसून सुपात उडीद निवडत होती. केस पूर्ण पांढरे, पाठ ताठ.

मी म्हणाले, "सायत्राबाई, ओळखलं का?" तिच्याशी मी असं मानाने पहिल्यांदाच बोलले. तिने ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

"चालीवरून ओळखलं," ती म्हणाली. "तुमी आताबी मोजून पाय टाकता, बाई."

तिची मुलगी, त्या बोरांची मुलगी, आता चाळिशीची असेल. तिने चहा आणून ठेवला, आईला गोंडीत काहीतरी म्हणाली आणि आत गेली. काय म्हणाली ते मला कळलं नाही. या वेळी मी अंदाज केला नाही.

मी सगळं सांगितलं. नात, यंत्र, चित्र, टिकास, खळं. तिने हात न थांबवता ऐकलं. फक्त एकदा विचारलं, "कितीक खोल?"

"हातभर."

"हो. मले वाटे का तेवढंच असन." मग विचारलं, "मंग माह्या मागून त्या पातीत कोन होती?"

"वच्छला."

"तिचा भरे का कापूस?"

"नाही."

"तिची ओटी सोडली का?"

मी नाही म्हणाले. सुपातले उडीद एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले आणि परत आले. क्षमा मागायची वाक्यं मी घरून तयार करून आणली होती, मराठीत, नीट. त्यातलं एकही मला सापडेना. मी एवढंच म्हणाले, की चूक माझी होती, आणि मी ती सगळ्यांसमोर केली होती. थोड्या दिवसांनी सीतादही आहे, त्याही दिवशी सगळ्या असतील, तुम्ही या. पहिलं बोंड तुम्ही वेचा.

"नाई, बाई," ती म्हणाली. "थे नाई."

तिने ते रागाने म्हटलं नाही. उडदातला खडा बाजूला टाकावा तसं म्हटलं. मग सूप खाली ठेवलं आणि पिशवीकडे बोट केलं. "वही आनली हाय नं? माह्या नावापुढं काय लिहिलं हाय थे वाचा."

मी सहावा रकाना वाचला. जमीन बसलेली आहे. मूळ खाली जात नाही. दुसऱ्या पातीत घाला, मग बघा. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"बराबर हाय," ती म्हणाली. "असंच म्हनलं होतं मी. एक अक्षर इकडचं तिकडं नाई." मग ती पुढे वाकली आणि तिने पानाच्या वरच्या कडेला बोट ठेवलं. "अन् इथं वरतं काय लिहिलं हाय? माह्या बोलन्याच्या माथ्यावर?"

मी वाचून दाखवलं. "सबब."

सायत्राबाई त्या शब्दाकडे पाहत राहिली. तो तिला वाचता येत नव्हता, तरी बराच वेळ पाहत राहिली. मला ते सहन होईना. मी पर्समधून पेन काढलं आणि तो शब्द खोडायला हात पुढे केला. तिने आपला पंजा वहीवर ठेवला. तिची बोटं अजून तशीच होती, नखांच्या कडेला बारीक चिरा पडलेली.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता चांगलं नोका करू त्याले. तुमच्या नातीनं हातभर खालचं पाह्यलं नं, हेबी पाहू द्या तिले."

उद्या सीतादही. दही विरजून ठेवलं आहे. गजाननला सांगितलं आहे, यंदा पात कोणाची ठरलेली नाही, बायांनी रोज बदलायची. तो म्हणाला, गोंधळ होईल. मी म्हणाले, होऊ दे. पहिलं बोंड कोणी वेचायचं ते मी ठरवणार नाही. ज्या बाया येतील त्या ठरवतील, किंवा ते वेचायचं राहील.

मुक्ता, यासोबत सहाव्या रकान्याचे फोटो पाठवते आहे, सगळ्या पानांचे, क्रमाने लावून. यात आकडे नाहीत. तुझ्या यंत्राला यातून काही शिकता येईल का ते तू बघ. ओंकार, तू नुसतं वाच. वरच्या शब्दाला मी हात लावलेला नाही.